नऊ खुंट्या आणि केतकीचे परळ

केतकीचे केंद्र पाहून या, असे आमच्या प्रमुख डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ‘हो’ म्हणायला मी जेवढा वेळ लावला, तेवढ्या वेळात आमचा एखादा बरा चालणारा रुग्ण पंचवीस फूट चालून येतो. डॉक्टरांच्या ते लक्षात आले नाही. माझ्या आले.

मी मिरजेच्या एका रुग्णालयात संशोधन-समन्वयक आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारावरील एका नव्या औषधाची चाचणी आमच्याकडे चालते. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवरचे आवरण शत्रू समजून कुरतडते. विजेच्या तारेवरचे प्लास्टिक जागोजागी सोलले जावे तसे. मग कधी डोळ्यांसमोर धूर येतो, कधी पाय बधिर होतो, कधी हातातला चमचा आपल्या ताब्यात राहत नाही. रुग्ण बहुधा तरुण असतात, त्यांतही बायका अधिक. आजार मुळापासून जात नाही. औषधाने त्याचे झटके कमी करता येतात. आमच्या चाचणीत काहींना नवे औषध मिळते, काहींना आधीपासून वापरात असलेले. आणि कोणाला कोणते, हे रुग्णाला, डॉक्टरांना किंवा मला, कोणालाच ठाऊक नसते. ज्या मोजक्या केंद्रांवर ही चाचणी चालते त्यांत परळचे एक आहे. तेथे माझ्या जागेवर केतकी आहे.

केतकी आणि मी पुण्याला एका वर्गात होतो. मी पहिली आले, ती चौथी. हे मी येथे लिहिते आहे, कारण गेल्या दोन वर्षांत मला ते कोणी विचारलेले नाही. विचारतात ते हे, की केतकीच्या केंद्रातला एकही रुग्ण चाचणी सोडून कसा जात नाही, आणि मिरजेचे का जातात.

चाचणीच्या पुढच्या टप्प्यासाठी एक मुख्य केंद्र ठरायचे होते. मिरज किंवा परळ. जे केंद्र ठरेल, त्याची समन्वयक सगळ्या केंद्रांची प्रमुख होणार. निवड समितीने एक अट घातली : आम्ही दोघींनी एकमेकींच्या केंद्राला भेट द्यावी आणि प्रामाणिक अहवाल लिहावा. केतकी हिवाळ्यात मिरजेला येऊन गेली होती. भडंग खाल्ले, सतार बनवणाऱ्यांच्या गल्लीत फोटो काढले आणि आमच्या केंद्राविषयी इतके चांगले लिहिले की त्या अहवालात मी तीनदा काटा शोधला. सापडला नाही. त्याचाही मला राग आला.

एप्रिलमध्ये माझी पाळी आली.

सोमवार, परळ

पहाटे दादरला उतरून टॅक्सीने परळला गेले. गिरणीची एक चिमणी अजून उभी आहे. तिच्या खांद्याशी काचेचा एक मनोरा इतका जवळ उभा आहे की दोघांनी एकमेकांना धरून ठेवल्यासारखे वाटते. त्यांच्या पायाशी दवाखान्यांची रांग आणि पदपथावर, हातात एक्स-रेची पाकिटे घेऊन, बाहेरगावची माणसे. मिरजही दवाखान्यांचेच गाव आहे, पण आमच्याकडे रुग्णाचे नातेवाईक झाडाखाली पंचा अंथरून डबा सोडतात. येथे उभ्याने खातात, आणि तरीही शेजारच्याला विचारून खातात.

केतकीचे केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. सकाळी आठच्या ठोक्याला तपासण्या सुरू होतात, कारण ऊन चढले की सोललेल्या तारांतून संदेश आणखी अडखळतात. तोच रुग्ण दुपारी सकाळपेक्षा सावकाश चालतो. हे मलाही माहीत आहे. पण माझे रुग्ण जतहून एसटीने येतात आणि बारा वाजता घामाघूम होऊन पोहोचतात. केतकीचे रुग्ण आठला येतात, कारण आदल्या संध्याकाळी ती प्रत्येकाला स्वतः फोन करते. मी पाठवते तो संदेश. लेखी. त्याची नोंद राहते.

आमच्या प्रतीक्षागृहात देवळासारखी शांतता असते. येथे लग्नघरासारखा आवाज होता.

“केतकी मॅडम, माझी तपासणी आधी घ्या ना, मला बाराची शिफ्ट आहे.”

“तू गेल्या वेळी पण हेच बोललास. शिफ्ट कसली, मॅच आहे आज.”

“ह्या बघा, सगळं माहीत असतं ह्यांना!”

केतकीने माझी ओळख करून दिली. “ही मृणाल. मिरजेचं केंद्र बघते. आमच्या वर्गात पहिली आली होती.”

तिला ते आठवत होते. सगळ्यांसमोर सांगितलेही. मला ते आवडायला हवे होते.

मोजमापे घेण्याचे काम मात्र केतकीकडे नाही. ते सिस्टर रॉड्रिग्ज करतात. त्या माझगावच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, पन्नाशीच्या. चाचणीचा नियम असा की मोजमाप घेणाऱ्याने रुग्णाशी त्याच्या प्रकृतीविषयी एक शब्दही बोलायचा नाही, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात आशा किंवा शंका शिरत नाही. “मला कुनाला ‘कशी हाय’ विचाराची मनाई हाय,” त्या मला म्हणाल्या, “म्हणून मी फक्त मासळीचा भाव विचारते. त्यावरून पण कळतंच थोडं.”

पहिली आली सुनीता पालव. वय पस्तिशीच्या आत, घोडपदेवला चाळीत राहते, साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. डाव्या हातात काठी, पण टेकवण्यापेक्षा मिरवण्यासाठी असावी तशी. तिला दोन गोष्टी करायच्या होत्या. पंचवीस फूट भरभर चालायचे. आणि नऊ भोकांच्या पट्टीत नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या व लगेच काढायच्या. दोन्हींना घड्याळ लावलेले. किती सेकंद लागले, यावरून पाय आणि हात कसे आहेत ते कळते.

ती चालली. छान चालली. मग खुंट्या. सिस्टरांनी घड्याळ दाबले, आणि माझ्या हातातले पेन थांबले. सुनीताने पहिली खुंटी दूरच्या कोपऱ्यात बसवली, दुसरी त्याच्या तिरक्या दिशेला, तिसरी मध्ये. एकदाही पट्टीकडे पाहिले नाही. नजर समोरच्या भिंतीवर, ओठ हलत होते. पाढे म्हणावेत तसे. संपल्यावर तिने सिस्टरांकडे नाही, दाराच्या फटीतून केतकीकडे पाहिले.

मी या पट्टीसमोर बसलेली कितीतरी माणसे पाहिली आहेत. हा हात त्या पट्टीला आज भेटलेला नव्हता. रोज भेटत होता.

मला आनंद झाला. तो कोणत्या जातीचा आनंद आहे हे मी ओळखले, आणि दुसरीकडे पाहिले.

मंगळवार, गिरगाव

केतकीने मला हॉटेलात राहू दिले नाही. तिचे घर फणसवाडीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. जमिनीवर रंगीत नक्षीच्या फरश्या, खिडकीखाली पूजेच्या साहित्याचे दुकान. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी सरकारी कचेरीत लिहिणारे, नंतर वकील, नंतर डॉक्टर. माझे वडील शिक्षक. घरात पुस्तके आमच्याकडेही होती, पण त्यांना असे वाचनाने मऊ झालेले कोपरे नव्हते.

तिच्या आईने कोलंबीचे भानोले केले होते. आमच्याकडे कोबी म्हणजे पिवळी भाजी, आणि तिच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. येथे त्याच कोबीत कोलंबी, बेसन आणि यांच्या घराण्याचा सांबारमसाला घालून पातेल्यात मंद भाजतात, आणि मग वडीसारखे कापून वाढतात. मी तिसरा तुकडा घेतला तेव्हा मावशी खूश झाल्या.

“घे गं, लाजू नको. केतकी सारखी तुझंच सांगत असते. मृणालचा डेटा बघ, मृणालची फाईल बघ. मी म्हटलं, अगं मग तिच्याकडे नोकरी का नाही करत!”

“करेन,” केतकी म्हणाली, “ती मुख्य केंद्र झाली की करावीच लागेल.”

“तू होशील,” मी म्हणाले. माझा आवाज अगदी योग्य आला.

जेवल्यावर तिने तिच्या रुग्णांविषयी सांगायला सुरुवात केली. कोणाच्या सासूला साखर आहे, कोणाची बदली अडली आहे, कोणी लग्न ठरताना आजार सांगितला आणि तरी मुलाने होकार दिला. मी ऐकत होते आणि मनात तुलना करत होते : मला माझ्या रुग्णांचे क्रमांक पाठ आहेत. क्रमांकावरून प्रत्येकाच्या मेंदूतल्या डागांची संख्या सांगू शकते. त्यांच्या सासवांविषयी मला काहीही माहीत नाही.

“उद्या माझी नीतिमत्ता समितीची बैठक आहे,” ती म्हणाली. “सुनीतावहिनींकडे घरभेट ठरली होती. इंजेक्शनं फ्रिजमध्ये नीट ठेवलीत का, एवढंच बघायचं. तू जाशील? त्यांनी तुला जेवायलाच बोलावलंय.”

मी म्हणाले, जाईन. तिला सोमवारच्या हातांविषयी काही सांगितले नाही. आधी पुरावा, मग निष्कर्ष; मी स्वतःला असे सांगितले.

बुधवार, घोडपदेव

टॅक्सीवाल्याने मला रे रोडच्या बाजूला उतरवले आणि ‘बस, सामने ही है’ असे सांगून तो गेला. समोर घोडपदेव नव्हते. लाकडाच्या वखारी होत्या. अर्धा तास मी ओंडक्यांच्या आणि फळ्यांच्या भिंतींमधून चालले. मिरजेचे ऊन डोक्यावर पडते. येथले अंगाला चिकटते. ताज्या कापलेल्या सागवानाचा वास मात्र इतका स्वच्छ होता की रस्ता चुकल्याचे वाईट वाटले नाही.

सुनीताची चाळ तीन मजली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पाय ठेवला आणि मी जागीच थांबले. जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटची एक जाड रेघ होती. तिच्याशेजारी सुबक अक्षरांत ‘सुरुवात’. लांब, पाचव्या दाराशी दुसरी रेघ. ‘शेवट’. मला फूटपट्टीची गरज नव्हती. पंचवीस.

“इलास? ये, ये. मिरजेची मॅडम ना तू?” सत्तरीचे एक गृहस्थ खुर्चीतून उठले. हे बाळाकाका, सुनीताचे शेजारी; हयात रे रोडच्या वखारीत सुतारकामात गेलेली. “सुनीता, गो सुनीता, पाव्हणी इली! आधी च्या, मग पॅक्टिस.”

“कसली प्रॅक्टिस, काका?”

“कसली म्हणजे? परीक्षेची!” त्यांनी आतून एक कापडात गुंडाळलेली वस्तू आणली. नऊ भोकांची पट्टी. आमच्या परदेशी प्लास्टिकच्या पट्टीहून देखणी. कडा गोल केलेल्या, पॉलिश केलेले सागवान, नऊ गुळगुळीत खुंट्या. “हयाच हातान केलंय. तिणा एकदा केंद्रातली पट्टी बघितल्यान आणि माप सांगितल्यान. मी म्हटलंय, एवढाच ना? माज्याकडसून घे.”

पाच मिनिटांत गॅलरीत सात-आठ माणसे जमली. सुनीता लाजत, हसत सुरुवातीच्या रेघेवर उभी राहिली. बाळाकाकांनी मोबाइलवर घड्याळ लावले.

“रेडी... चल!”

“सुनीता, डावा उचल गं, डावा!” शेजारची वहिनी ओरडली.

ती पोहोचली. टाळ्या पडल्या. बाळाकाकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूला सेकंद लिहिले. मी ते पान हातात घेतले. मागच्या महिन्यांचीही पाने मागून घेतली. वर्षभराच्या नोंदी, तारीखवार, न चुकता. माझ्या केंद्रातल्या कित्येक नोंदवह्यांपेक्षा नीट. आकडे हळूहळू सुधारत गेलेले. आणि शेवटच्या पंधरवड्यात दिवसाला एकाऐवजी तीन-तीन नोंदी.

“हे अचानक तीनदा का?” मी विचारले.

बाळाकाकांनी मोबाइल खिशात घातला. मग शेजारची वहिनी म्हणाली, “पाय जड झालाय ना तिचा. म्हणून वाढवली.”

“गप गं तू,” सुनीता म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिले. ती पाणी आणायला आत वळली होती. रेघांच्या मधे ती एक बाई होती. स्वयंपाकघराकडे जाताना दुसरीच. डावा पाय उचलला जात नव्हता, ओढला जात होता. चपलेच्या पुढच्या कडेला फरशीवर घासून पांढरा पट्टा पडला होता. परवा केंद्रात पंचवीस फुटांपुरते तिने तो पाय हट्टाने उचलला होता.

आत, फ्रिजमध्ये, इंजेक्शने अगदी नियमाप्रमाणे होती. वरच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात. तिने ताट वाढले : बांगड्याचे तिकले, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी विचारले, “वहिनी, पाय कधीपासून असा आहे?”

“झाले पंधरा दिवस. मुंग्या येतात. उतरेल हो.” मग हळू आवाजात : “केतकी मॅडमना नका सांगू. त्या फार मनाला लावून घेतात. माझ्यासाठी त्यांनी इतकं केलं, आणि मी त्यांच्या सेंटरचा रिझल्ट खराब करू? आणि मार्क कमी पडले तर यातून काढतात ना?”

“असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? नापास झाल्यावर कोण ठेवतं?”

“इथे कोणी नापास होत नाही,” मी म्हणाले. “तुमचा पाय जड झाला तर ते आम्हाला कळायला हवं. औषध चालतं की नाही, हे त्याच्यावरूनच ठरतं. आणि हा नवा झटका असेल तर त्यावर लगेच उपचार असतो. पंधरा दिवस थांबायचं नसतं.”

तिने हातातला डाव खाली ठेवला. “म्हणजे वर्षभर मी उगाच अभ्यास केला?”

मला हसू आले, तिलाही आले, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला शब्द दिला की आज संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी तिला फोन करील. कोण, ते सांगितले नाही.

त्याच दुपारी, लालबाग

पुढच्या पाऊण तासाविषयी लिहिणे मला टाळता आले असते.

मी लालबागपर्यंत चालत गेले. एप्रिल हा वर्षाचा मसाला करून घेण्याचा महिना. मसाल्याच्या गल्लीत पोत्यांमध्ये मिरच्यांचे तीन-चार लाल, कुटणाऱ्या डंकांचा धपधप आवाज, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आपापला डबा धरून रांगेत, नजर न हटवता. कारण आपला मसाला आणि शेजारणीचा मसाला एकमेकांत मिसळला तर वर्षभराचा घोळ. हवेत तिखट इतके की मी सलग सात वेळा शिंकले. एका दुकानाच्या पायरीवर बसून मी फोन काढला आणि निवड समितीच्या सचिवांना लिहू लागले.

वाक्ये आपोआप आली. ‘परळ केंद्रातील रुग्ण घरी पद्धतशीर सराव करतात. त्यामुळे या केंद्राची चालण्याची व हातांची मोजमापे संशयास्पद ठरतात. समन्वयक व रुग्ण यांच्यातील अतिरिक्त जवळीक हे याचे कारण दिसते.’ एकही शब्द खोटा नव्हता. सरावाने कोणाचाही हात सुधारतो. मग सुधारणा औषधाची की बाळाकाकांच्या सागवानाची, हे कोण सांगणार? मी ‘अतिरिक्त’ हा शब्द काढला, पुन्हा घातला. चिवडा घेतला. परत वाचले. गेल्या दोन वर्षांत मी इतके चांगले गद्य लिहिले नव्हते.

पाठवण्याआधी रुग्णाचा क्रमांक घालायचा होता. तो मला माहीत नव्हता. मला फक्त तिचे नाव माहीत होते, आणि चपलेची घासलेली कड. मग कळले की पंधरा मिनिटे मी मोजमापांविषयी लिहिते आहे आणि पायाविषयी एक ओळही लिहिलेली नाही.

मी केतकीला फोन लावला. बैठकीतून उठून तिने घेतला. मी सगळे सांगितले : रेघा, पट्टी, कॅलेंडर. मी पायापर्यंत पोहोचले तेव्हा तिने मला तोडले.

“कुठला पाय?”

“डावा.”

“कधीपासून?”

“पंधरा दिवस.”

“लघवीचा त्रास? डोळे? ताप येऊन गेला का?”

“ते विचारलं नाही.”

“ठीक आहे. मी विचारते. मृणाल, थँक यू.” तिने फोन ठेवला.

मजकूर न पाठवताच मी फोन पर्समध्ये टाकला. तिच्या जागी मी असते तर माझा पहिला प्रश्न काय असता, हे मला नेमके ठाऊक होते. ‘तू आणखी कोणाला सांगितलंस?’ वर्गात पहिले येणे एक वेळ शिकता येते. कोणता प्रश्न आधी तोंडून निघतो, हे शिकता येते का? मला तिचे केंद्र, तिची आई, तिचे भानोले यांचा कधी वाटला नव्हता इतका हेवा त्या एका ‘कुठला पाय’चा वाटला.

गुरुवार, पुन्हा परळ

सुनीताला सकाळीच बोलावले होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तपासले, एमआरआय झाला. झटका नवा होता. तिला दाखल करून स्टेरॉइडचे सलाइन सुरू केले. ती मला म्हणाली, “तुम्ही चुगली केलीत.” पण हात धरून म्हणाली.

दहाच्या सुमारास बाळाकाका आले. कापडात गुंडाळलेली पट्टी थेट सिस्टर रॉड्रिग्जच्या टेबलावर ठेवली.

“जप्त करा. चूक माझी आसा. पोरीचो पाय...”

“ए बाबा, माझ्याशी बोलू नको!” सिस्टर दोन्ही हात कानांवर ठेवून मागे सरकल्या. “मला कायपण ऐकाची मनाई हाय! त्या मॅडमकडे जा!”

बाळाकाका गोंधळून पट्टी घेऊन दारातच उभे राहिले. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा केतकी हसली.

दिवसभर तिने एकेका रुग्णाला फोन केला. रागावली नाही, मात्र कोणालाही सोडले नाही. आणखी तिघे निघाले. एकाने गिरगावात घराच्या पॅसेजमध्ये पावले मोजून ठेवली होती. दादरच्या एका बाईने साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात काड्या बसवण्याचा सराव केला होता. तिघांचेही कारण एकच : मॅडमना वाईट दिसू नये. केतकीने नियमभंगाचा अहवाल स्वतः लिहिला आणि माझ्या अहवालाची वाट न पाहता समितीला पाठवून दिला. तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

शुक्रवार, दादर

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दादरला साबुदाणावडे आणि पीयूष घेऊन बसलो. पीयूष आमच्याकडे सणासुदीला. येथे लोक उभ्या उभ्या, पाण्यासारखे पितात.

“एक कळत नाही,” केतकी म्हणाली. “त्या घरी मी इतक्या वेळा गेले. प्रत्येक वेळी ती रेघ पुसत होते का?”

“ऑइलपेंट आहे. पुसत नव्हते. तू जायचीस तेव्हा गॅलरीत सतरंजी घालून पापड वाळत ठेवायचे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं.”

“आणि तुला पहिल्याच दिवशी दाखवलं.”

“माझ्याविषयी त्यांना काही वाटत नाही. म्हणून.”

मोजणाऱ्याने रुग्णाशी बोलायचे नाही, हा नियम मी पुस्तकात शिकले होते. तो का आहे, हे मला त्या टेबलाशी समजले. मग मी तिला ती पंधरा मिनिटेही सांगितली. लालबागची पायरी, तो मजकूर, ‘अतिरिक्त’ हा शब्दसुद्धा.

“मीही तुला एक सांगते,” ती म्हणाली. “मिरजेच्या अहवालात मी एक गोष्ट लिहिली नाही. तुझे रुग्ण एसटीने येतात, आणि मग चार चार तास बाकावर बसतात. एक बाई उठून निघून जाताना मी पाहिली. लिहिलं असतं तर तुला त्रास झाला असता.”

“केतकी, ती बाई परत आलीच नाही.”

“माहीत आहे मला.”

मला भयंकर राग आला. तिचा तो गोड अहवाल मी काट्यासाठी तीनदा वाचला होता, आणि काटा तिने माझ्यावरच्या प्रेमाने काढून ठेवला होता. त्या बाकाविषयी मला हिवाळ्यातच कळले असते तर मी तो हलवला असता. घोडपदेवच्या गॅलरीत सुनीताने हिच्यावरच्या प्रेमाने जसे लपवले, तसेच हिने माझ्यापासून लपवले होते. मी तिला तसे सांगितले, याच शब्दांत. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले.

“बरोबर आहे तुझं,” ती म्हणाली, आणि तिचा उरलेला वडा माझ्या बशीत ठेवला.

मिरज

माझ्या अहवालात मी सगळे लिहिले. रेघा, पट्टी, पाय. मला त्या घरी केतकीनेच पाठवले हे. आमचा बाक, आणि निघून गेलेली बाई. ‘अतिरिक्त’ शब्द वगळला. त्याला मोजमाप नाही.

मुख्य केंद्र मिरजेला मिळाले. सर्वांत आधी केतकीचाच फोन आला. तिच्या आवाजात मी कितीही शोधले तरी फक्त आनंद होता. सुनीता सलाइननंतर बरीच सुधारली आहे, हेही तिने सांगितले. चाचणीतही आहे, आणि माझी आठवण काढते.

प्रमुख म्हणून मी पहिला बदल हा केला की आता प्रत्येक केंद्रात, प्रत्येक भेटीला, रुग्णाला एक प्रश्न विचारायचा : या तपासणीचा तुम्ही घरी सराव करता का? आमच्या बाकाच्या जागी आता पंख्याखाली खाटा आहेत आणि एसटीच्या वेळा पाहून तपासण्या ठरतात. गेल्या आठवड्यात मी मिरजेच्या सगळ्या रुग्णांना तो प्रश्न स्वतः विचारला. जतहून येणाऱ्या एक बाई तर चकित झाल्या. “घरी? कशासाठी ओ मॅडम?”

सगळ्यांची उत्तरे एकच आली. रकाना वरपासून खालपर्यंत ‘नाही’ने भरला, निर्दोष, विश्वासार्ह, मुख्य केंद्राला शोभेल असा. मी त्यावर सही केली. माझ्यासाठी एवढ्या माणसांतल्या एकानेही घरी एक खुंटी बसवून पाहिली नव्हती.